सुट्टी तुमची होती, घराची नव्हती

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून तेवढं वगळून पत्रातला मुख्य भाग आधी देते.

"माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आम्ही मराठी ख्रिस्ती. गावी बारा एकर वावर, माय-बाबा, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं. यंदा बऱ्याच वर्षांनी आम्ही चौघं नाताळला माहेरी गेलो. मुलांच्या सीबीएसई शाळेला सुट्टी होती आणि आमचे अमेरिकेतले क्लायंट रजेवर असल्यामुळे ऑफिसचंही काम नव्हतं. २० डिसेंबरला पोचलो, १ जानेवारीला परतायचं होतं. सुरुवातीचे दिवस छान गेले. फक्त मुलांना कापसाच्या खोलीत झोपवलं होतं, त्यांच्या अंगाला खाज सुटली. २५ तारखेच्या रात्री जेवताना माझे मिस्टर सहज म्हणाले की शेतीत काही उरत नसेल तर विकून टाका, बाबांचं वय झालं, पुण्यात फ्लॅट घेऊ. तेव्हापासून भाऊ गप्प. २७ ला सकाळी मी भावजयीला म्हटलं, मुलांना आज पाटवड्या खायच्यात. तिनं हातातलं पातेलं आपटलं आणि म्हणाली, 'तुमाले सुट्टी हाये ताई, आमाले कवा हाये?' माय रडायला लागली. बाबा उठून वावरात गेले. आम्ही २८ लाच निघालो. भाऊ यवतमाळपर्यंत सोडायला आला, पण एक शब्द बोलला नाही. भावजयीचं माहेर कारंज्याकडे, तासा-दीड तासावर. ती कधीही जाऊ शकते. आम्ही मात्र एवढ्या लांबून येतो. मिस्टर म्हणतात, पुढच्या वर्षी सगळ्यांना दोन दिवस चिखलदऱ्याला रिसॉर्टवर नेऊ, खर्च आपला, म्हणजे कुणालाच काम नको. माझं काय चुकलं? पुढच्या नाताळला जावं की नाही?"

ताई,

जा. पुढच्या नाताळला नक्की जा, आणि चिखलदऱ्याला नको, घरीच जा. फक्त यंदासारखं जाऊ नका.

भावजयीनं जे वाक्य तुम्हाला ऐकवलं ते तुम्ही अपमान म्हणून पत्रात लिहिलंय. मला तो खरा प्रश्न वाटला. त्याचं उत्तर शोधलं तर तुमच्या पत्रातल्या जवळजवळ सगळ्या गाठी सुटतात. म्हणून आधी त्या घरात डिसेंबर कसा जातो ते सांगते. तुम्ही त्याच घरात वाढलात, पण लेक म्हणून वाढलात, आणि लेकीला घराचा डिसेंबर निम्माच दिसतो.

दिवाळीत आपल्याकडे सगळं गावच थोडं सैल असतं. मजूर बाया चार दिवस येत नाहीत, शाळा बंद, शहरात गेलेले सगळे भाऊ परत आलेले. नाताळचं तसं नाही. गावात तुमची चार-सहा घरं सोडली तर २५ डिसेंबर हा कामाचा दिवस. वेचणीच्या बाया त्या दिवशीही दारात येऊन विचारतात, आज कोणतं वावर? राज्य मंडळाच्या शाळेला सुट्टी एका दिवसाची. म्हणजे तुमची मुलं नऊपर्यंत पांघरुणात होती, तेव्हा तुमच्या भावाची मुलं २४ ला शाळेत गेली, २५ ला नाताळ केला आणि २६ ला परत दप्तर घेऊन निघाली. त्यांचे डबे कुणी केले?

कापसाचं सांगते. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, दहिवर (दव) असेपर्यंत वेचायचं नसतं. ओला कापूस घरात आला की भाव पडतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या पुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर ते घेतच नाहीत. त्यामुळे डिसेंबरात वेचणी उशिरा सुरू होते, आणि वावरात जाणाऱ्या बाईला घरातलं सगळं त्याच्या आधी उरकावं लागतं. पहाटे उठून बंबात पाणी, ढोरांचं शेण-चारा, दूध, डबे, दहा माणसांचा चहा, स्वयंपाक. मग दिवसभर वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस काट्यावर मोजून वहीत लिहायचा. मग परत चूल. या सगळ्यावर नाताळ. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीइतकाच असतो. करंज्या, चकल्या, शेव, लाडू, अनारसे, वर केक. दिवाळीत शेजारच्या घरांतून ताटं आलेली असतात, ती नाताळला भरून परत पाठवायची असतात. डिसेंबरभर रात्री कॅरलवाली मंडळी दारी येतात, त्यांना चहा-फराळ. २४ ची रात्र, २५ ची उपासना, पाळकसाहेब आणि चार पाहुणे जेवायला. हे सगळं करून ती बाई २७ च्या सकाळी चुलीपुढे बसली होती, आणि तुम्ही पाटवड्या मागितल्यात. पाटवडी म्हणजे काय काम असतं ते विदर्भातल्या बाईला सांगायला नको. बेसन घोटायचं, थापायचं, वड्या पाडायच्या, वेगळा रस्सा करायचा.

तुम्ही वाईट हेतूनं मागितल्या नाहीत, हे मला पत्रावरूनच कळतं. मुलांना आजोळची चव मिळावी एवढंच तुमच्या मनात होतं. ती चव तुमच्या हातानं द्यायची होती, एवढाच फरक. माहेरच्या चुलीपुढे बसायला लेकीला कुणी अडवत नाही.

आता मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य. "तिचं माहेर तासा-दीड तासावर, ती कधीही जाऊ शकते."

ताई, ती पण ख्रिस्ती घरातली लेक आहे. कारंज्याकडच्या त्या घरातही २४ च्या रात्री कॅरल झाले, २५ ला उपासना झाली, तिच्या आईनंही करंज्या केल्या. तिच्या भावाची मुलं नवे कपडे घालून मिरवली. ती तिथे नव्हती. लग्न झाल्यापासून एकदा तरी ती माहेरच्या नाताळला गेली आहे का, हे आठवून पाहा. मला वाटतं तुम्हाला आठवणार नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नसेल. आणि यंदा जायचं तिच्या मनात असलंच, तर तुमचा येण्याचा फोन आल्यावर घरात काय बोलणं झालं असेल ते मी न ऐकता सांगू शकते. "यंदा ताई येऊन राहिली, तू मंग जाजो." हे वाक्य आपल्याकडच्या घरोघरी बोललं जातं. सासू मनानं चांगली असली तरी बोलते. लेक येणार म्हटलं की सून अडकते. लेकीचं माहेर सुनेच्या हातावर चालतं, आणि त्या सुनेचं माहेर मग तिच्या भावजयीच्या सवडीवर ढकललं जातं.

अंतर तासाचं आहे की दिवसाचं, यानं काही होत नाही. वेचणी चालू असताना, घरात पाहुणे असताना, दोन मुलं शाळेत जात असताना तिला कारंजा पुण्याइतकंच लांब आहे. पुण्याहून यायला तुम्हाला नुसती रजा लागली. तिला घरातून निघायला चार माणसांची परवानगी आणि तिच्या जागी उभं राहणारी एक बाई लागते. ती बाई तुम्ही होऊ शकत होतात. २६ ला सकाळी तुम्ही म्हटलं असतं, "वहिनी, तू मुलांना घेऊन चार दिवस जाऊन ये, घर मी पाहते," तर २७ ची सकाळ वेगळी गेली असती. तुमच्याकडे अख्खा आठवडा होता, ऑफिस बंद होतं, मायही सोबत होती.

पुढच्या वर्षीसाठी माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. बाकीचं याच्या मागून येतं.

चिखलदऱ्याबद्दल. जावईबापूंचा हेतू चांगला आहे, आणि खर्च करायची तयारी आहे हेही मोठं. चिखलदरा सुंदर आहे, विदर्भातलं ते एकच थंड हवेचं ठिकाण. पण नाताळात तिथं जायचं म्हणजे माय-बाबांनी आपल्या मंडळीतली, म्हणजे गावच्या चर्चमधली, २५ ची उपासना सोडायची. त्यांच्या वयाच्या माणसांना त्या दिवशी आपल्या गावच्या बाकावर बसायचं असतं, शेजारी कोण बसलंय ते बघायचं असतं. शिवाय गाई-म्हशीचं दूध कोण काढणार, आणि उघडं वावर? बोंडं फुटलेली असताना दोन दिवस घर बंद ठेवणं शेतकऱ्याला जमत नाही. तुम्ही बोलावलंत तर ते येतील, पण बाबांचं अर्धं लक्ष आभाळाकडे असेल आणि भाऊ मधूनच निघून जाईल. म्हणून भेट मोडू नका, महिना बदला. मे महिन्यात, मृगाच्या आधी, भाऊ-भावजय आणि मुलांना पुण्याला बोलवा. मुलांच्या शाळा बंद असतात, नांगरणी-वखरणी झालेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. त्या आठवड्यात भावजयीनं तुमच्या घरात एक पोळीसुद्धा लाटायची नाही, हे आधीच ठरवून टाका. रिसॉर्टचे पैसे तिथे खर्च करा.

आता २५ च्या रात्रीचं बोलणं. तुम्ही ते पत्रात एका ओळीत संपवलंय आणि "सहज" हा शब्द वापरलाय. शेतकऱ्याच्या घरात वावर विकायचं बोलणं सहज होत नाही. त्यातून जावयाच्या तोंडून, आणि नाताळच्या ताटावर.

त्या वेळी घरात काय चालू होतं पाहा. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं आपल्या भागात पिकांची वाट लावली. जो कापूस हाती आला त्याचा लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण खासगी व्यापारी खाली मागत होता. हमीभावानं घालायचा तर मोबाईलवर 'कपास किसान' अ‍ॅपमध्ये नोंदणी, मग नंबर, मग ओलाव्याची तपासणी. त्यात परदेशी कापसावरचं आयात शुल्क सरकारनं ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केलेलं. बापलेक महिनाभर हाच विचार करत होते, आता विकू की थांबू. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून कित्येकांनी घरात भरून ठेवला आणि पस्तावले. त्या आठवणीनं आजही विकायचा निर्णय जड होतो. तुमच्या मुलांना ज्या खोलीत झोपवलं ती खोली म्हणजे त्या घराचं वर्षाचं उत्पन्न होतं. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे खरं, पोरांना तिथे झोपवायला नको होतं. पुढच्या वेळी आधीच विचारा, कापूस कुठे भरलाय, आम्ही कुठे झोपू, आणि स्वतःची अंथरुणं घेऊन जा. ओसरीवर, बाजेवर, कुठेही. फक्त त्या खोलीची तक्रार करू नका.

तर अशा घरात, अशा रात्री, "विकून टाका" हा शब्द पडला. तुमच्या भावाला त्यात काय ऐकू आलं? मला वाटतं त्याला ऐकू आलं की ताईनं वाटा मागायला सुरुवात केली, आणि ते स्वतः न बोलता जावयाकडून बोलवून घेतलं. तुमच्या मनात तसं काही नसेल. पण तो बोलत नाही याचं कारण पातेलं नाही, हे आहे. पातेल्याच्या दोन दिवस आधीपासून तो गप्प आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

यात कायद्याचं थोडं स्पष्ट असलेलं बरं, कारण गावात या बाबतीत निम्म्या ऐकीव गोष्टी चालतात. २००५ ची मुलींच्या हक्काची दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यातली, ती तुम्हाला लागू नाही. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी पहिल्यापासून समान आहेत. त्यात जन्मानं मिळणारा वडिलोपार्जित हक्क नाही. बाबांच्या नावाचं वावर बाबांचं आहे. ते हयात असेपर्यंत त्यात ना तुमचा वाटा, ना भावाचा. ते इच्छापत्रानं कुणालाही देऊ शकतात. इच्छापत्र न करता गेले, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं. तुम्ही दोघं भावंडं, म्हणजे हिशोब सरळ होतो: माय, तुम्ही, भाऊ, प्रत्येकी एक तृतीयांश. बारा एकरांत चार-चार एकर. जो माणूस आज बाराही एकर कसतो, रात्री ओलितावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, कर्ज डोक्यावर घेतो, त्याला चार एकर हा आकडा झोपू देत नाही. आणि जी बहीण बाहेर राहिली, तिचा हक्क म्हणून काही शून्य होत नाही. दोन्ही खरं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. भावाची नाराजी घालवायला "मला काही नको, सही करून देते" असं घाईनं म्हणू नका. आज सही करण्यासारखं तुमच्याकडे काही नाहीच. बाबा हयात आहेत, तेव्हा हक्कसोडपत्राचा प्रश्नच येत नाही. आणि भावनेच्या भरात सोडलेल्या हक्काचा सल पुढे दोन्ही घरांना छळतो. बाबांना मात्र सुचवा की इच्छापत्र करून ठेवा, कष्ट कुणाचे आणि गरज कुणाची हे बघून तुम्हीच ठरवा, आम्ही दोघंही ते मानू. हे भावाच्या समोर सुचवा, त्याच्या मागं नको. इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ज्याला इच्छापत्रात काही मिळणार आहे त्यानं, किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं, साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणारं बाद होतं. म्हणजे तुम्ही, जावईबापू, भाऊ, भावजय, कुणीच साक्षीला नको. मंडळीतली दोन जाणती माणसं बोलवा, आणि यवतमाळच्या एखाद्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या.

बाबांना पुण्याला नेण्याबद्दल एवढंच. वावरात रोज फेरी मारणाऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर बसवणं ही सेवा आहे असं शहरातल्या मुलांना मनापासून वाटतं. बाबांना काय वाटतं ते त्यांना विचारलंत का? ते उठून वावरात गेले, त्यात उत्तर होतं असं मला वाटतं. त्यांची औषधं, डोळ्यांची तपासणी, रात्री मोटार चालू करायला त्यांनी जाऊ नये, या गोष्टींवर बोला. त्यात तुमची मदत खरोखर उपयोगी पडेल.

भावाच्या गप्प राहण्यात आणखी एक साधी गोष्ट असू शकते. डिसेंबरात गहू-हरभऱ्याचं ओलीत असतं आणि शेताची थ्री फेज लाईन आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते. रात्रपाळी आली की माणूस थंडीत बांधावर उभा राहतो. आपल्याकडची थंडी कशी असते ते तुम्ही विसरला नसाल; २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पाहुणे रात्री गप्पा मारायला जमतात तेव्हा तो वावरात जातो, आणि सकाळी तो डोळा लावतो तेव्हा घरात पोरांचा दंगा असतो. झोप नसलेल्या माणसाच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसू नका. जावईबापूंना पुढच्या वेळी एक रात्र त्याच्यासोबत ओलितावर पाठवा. शेकोटीपाशी दोघं जे बोलतील ते जेवणाच्या ताटावर कधी बोलले जाणार नाही.

पैशाचं थोडक्यात. निघताना तुम्ही मायच्या हातात काही ठेवलं असेल, सगळ्या लेकी ठेवतात. ते मायच्या ट्रंकेत जातं आणि नातवंडांच्याच हातावर परत येतं. आठ दिवस चार माणसं वाढली की तेल, साखर, बेसन, गॅस, मटण या सगळ्याचा भार ज्या हातावर पडतो त्या हाताला काही मिळत नाही. पोचल्याच्या दिवशीच भावजयीला सोबत घेऊन बाजारात जा आणि किराणा भरा. तिला विचारून भरा. तिच्यासाठी साडी आणलीत का हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी विचारत नाही. पण साडीनं या किराण्याची भरपाई होत नाही.

आणि मुलांना तिथं काहीतरी काम द्या. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, सोले (ओले दाणे) काढायला बसवा. त्याच सोल्यांची वांगी घालून भाजी, सोलेभात, हे पाटवड्यांपेक्षा सोपं आणि त्याच दिवसांचं खाणं आहे. भावाच्या मुलांसोबत त्यांना एक दिवस गावच्या शाळेत बसू द्या. गुरुजी नाही म्हणणार नाहीत.

आता आजचं काम. भावजयीला फोन करा. आधी तिला, मायला नंतर. दिवसा नको, ती वावरात असेल. रात्री जेवणं उरकल्यावर. कुटुंबाच्या ग्रुपवर माफीचा मेसेज टाकू नका, तो सगळ्यांसाठी होतो आणि तिला त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकावंच लागतं. मायला मध्यस्थ करू नका. तिला म्हणा, "मी आठ दिवस बसून खाल्लं आणि तुझं काम पाहिलंच नाही. आणि तुझा माहेरचा नाताळ राहिला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ती बहुतेक म्हणेल, "नाही ताई, तसं काही नाही, माझंच डोकं फिरलं होतं." तिथे थांबू नका. विचारा, "पुढच्या नाताळला तुला कधी जायचंय ते आधी सांग, मग मी माझी तिकिटं काढते." कारण सांगू नका, मिस्टरांची बाजू मांडू नका, तिनं पातेलं आपटल्याचा विषय तुम्ही काढू नका.

भावाशी फोनवर बोलून होणार नाही. २०२६ मध्ये गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे, ईस्टर ५ ला. तोवर कापूस संपलेला असेल, हरभरा-गहू घरात आलेला असेल. दोन दिवस एकट्या जा. त्याच्यासोबत वावरात चालत जा आणि त्याला सरळ सांगा की वावर विकायचं बोलणं आमचं चुकलं, मी वाटा मागायला आले नव्हते, आणि बाबांच्या इच्छापत्राबद्दल तुझ्या समोर बाबांशी बोलायचंय. त्याला राग काढू द्या. तो काही जुनंही काढेल, तुमच्या शिक्षणाला लागलेले पैसे, लग्नाचा खर्च. प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायची गरज नाही.

आणि पुढचा डिसेंबर असा लावा. २२ ला पोचा. २५ पर्यंत सगळ्यांनी मिळून घरचा नाताळ करायचा, फराळातले दोन प्रकार तुम्ही पुण्याहून करून न्यायचे. २६ ला भावजय मुलांना घेऊन कारंज्याला. तिच्या मुलांची शाळा तीन-चार दिवस बुडेल, बुडू द्या. तोपर्यंत डबे नाहीत, पण वेचणाऱ्या बायांचा काटा आहे, ढोरं आहेत, चूल आहे. ते तुम्ही आणि जावईबापूंनी सांभाळायचं. तुम्हाला सगळं जमेल असं नाही. भाजी करपेल, काट्याची वही चुकेल, माय दहा सूचना देईल आणि "ती असती तर" असं दोनदा म्हणेल. म्हणू द्या. ३१ ला ती परत येईल आणि रात्रीच्या उपासनेला तुम्ही सगळे एका बाकावर असाल. यंदा तेच राहून गेलं, आणि मायला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं असणार.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या २०-२२ तारखांना तयारीत राहा. नाताळात पुणे-नागपूर गाड्या भरायला वेळ लागत नाही आणि यंदा ऐनवेळी ट्रॅव्हल्सला काय मोजावं लागतं ते तुम्ही पाहिलंच. धामणगाव स्टेशनला उतरलात की घ्यायला भावाला बोलावू नका. वेचणीच्या दिवसांत त्याचा अर्धा दिवस त्यात जातो. एसटीनं या.